शेरा : घर बंद

(दुपारचे दोन. बाळ नुकतंच झोपलंय आणि घरात कुणी चकार शब्द काढत नाही. इतक्यात दाराबाहेर, जिन्यातल्या फ्यूजच्या खोक्यात 'खट्' वाजतं, आणि आत पंखा रेंगाळत रेंगाळत थांबतो.)

भिंगरी : आई, फ्रीजसुद्धा गप्प झाला.

आई : शूऽऽ. हळू. वीज गेली असेल. येईल आत्ता.

भिंगरी : समोरच्या आजींची नाही गेली. त्यांचा टीव्ही बोलतोय. ऐक.

आई : खरंच की. थांब, बघते. तू बाळाच्या खोलीचं दार अलगद ओढून घे. अलगद म्हटलं! आणि इकडे ये माझ्यामागे. ...अहो! अहो, तुम्ही! आमच्या फ्यूजच्या खोक्यात काय चाललंय?

मीटरवाले : आई गं! केवढ्यानं दचकलो!

आई : हळू बोला!

मीटरवाले : पण तुम्ही... तुम्ही आतून कशा आलात?

आई : आतून नाही तर काय खिडकीतून येऊ? माझं घर आहे.

मीटरवाले : नाही, तसं नव्हे. आता बघा ताई, ह्या घरात कुणी राहत नाही.

आई : कोण म्हणतं?

मीटरवाले : ऑफिस म्हणतं. हा कागद बघा. तिसरा मजला, घर क्रमांक सात. सलग आठ महिने शेरा, 'घर बंद'. जागा वापरात नाही, सबब वीजजोड तोडण्यात यावा. खाली साहेबांची सही. मी हुकमाचा ताबेदार.

भिंगरी : आम्ही राहतो. मी, आई, बाबा आणि बाळ. बाळ आत झोपलंय.

मीटरवाले : बाळ? कुठलं बाळ? म्हणजे... हे दारावरच्या पाटीवरचं?

आई : पाटीवरचं नाही, पाळण्यातलं. आणि काका, 'घर बंद' हा शेरा आला कुठून? सकाळपासून रात्रीपर्यंत मी ह्याच घरात असते. आठ महिन्यांत मी केस कापायलासुद्धा बाहेर पडले नाही. बघा की माझ्याकडे.

मीटरवाले : शेरा... शेरा मीच मारलाय.

आई : तुम्ही?

मीटरवाले : रीडिंगला मीच येतो ह्या भागात. तीस वर्षं झाली. हल्ली माणसं कमी, म्हणून जोडायलाही मीच आणि तोडायलाही मीच. तुमचं मीटर पडलं घराच्या आत, दाराशेजारच्या कोनाड्यात. दार उघडल्याशिवाय आकडा दिसत नाही. पहिल्या महिन्यात आलो, बेलकडे बोट नेलं आणि ही पाटी वाचली. 'बाळ झोपलं आहे. बेल वाजवू नये. दार वाजवू नये.' खाली झोपलेल्या बाळाचं चित्र.

भिंगरी : चित्र मी काढलंय. त्याचे डोळे मिटलेत म्हणून ते नुसत्या रेघा आहेत.

मीटरवाले : छान आहे हो. अगदी वाटतं, उठेल आता. म्हणून तर बोट मागे घेतलं. झोपलेलं पोर उठवायचं पाप माझ्या हातून व्हायचं नाही. दुसऱ्या महिन्यात आलो, पाटी तीच. म्हटलं, दुपारची वेळ आहे, झोपणारच. तिसऱ्या महिन्यात मुद्दाम सकाळी आलो. झोपलेलंच. म्हटलं, बापावर गेलेलं दिसतंय.

आई : अगदी बरोबर ओळखलंत.

मीटरवाले : पण पाचव्या महिन्यात मला शंका आली. आता बघा ताई, मला दोन पोरं, तीन नातवंडं. सलग पाच महिने झोपलेलं पोर मी ह्या जन्मात पाहिलेलं नाही. मनाशी म्हटलं, ही माणसं केव्हाच जागा सोडून गेली, पाटी काढायची तेवढी विसरली.

आई : अहो, पाटी काढावीशी वाटली नाही! ती लावल्यापासून दारावर विक्रेता नाही, वर्गणीवाला नाही. माझी नणंदसुद्धा फोन करून यायला लागली. एवढी गुणी पाटी कोण काढेल?

मीटरवाले : हां, मग गुणी पाटीनं मलाही परत पाठवलं. तरी मी हलक्या हातानं टकटक करत होतो हो. एका बोटानं. नखानं.

आई : नखानं? ते तुम्ही होता? मला वाटायचं, दाराचं लाकूड तडकतंय. सुताराला विचारलं मी! तो म्हणाला, हवेतला बदल आहे.

मीटरवाले : आणि दर वेळी दाराखालून चिठ्ठी सरकवली. 'आपण घरी नव्हता. मीटरचा आकडा स्वतः कळवावा.' आठ चिठ्ठ्या. आणि गेल्या महिन्यात लाल शिक्क्याची नोटीस.

आई : एकही मिळाली नाही.

मीटरवाले : असं कसं? ह्याच फटीतून सरकवल्यात.

आई : नाही म्हणजे नाही. मी दिवसातून दोनदा केर काढते काका, ह्या दारापाशी कधी कपटा... भिंगरे. इकडे बघ. वर बघ. माझ्याकडे.

भिंगरी : त्या माझ्या आहेत.

आई : कोणाच्या?

भिंगरी : माझ्या. दाराखालून मला येतात. टक टक टक होतं आणि चिठ्ठी येते. बाळाला एकही येत नाही.

मीटरवाले : म्हणजे टकटक ह्या बाईंना ऐकू येत होती!

भिंगरी : हो. पण पाटीवर लिहिलंय ना, दार वाजवू नये. तरी तुम्ही वाजवत होता. म्हणून मी उघडत नव्हते.

आई : देवा. आणि लाल शिक्क्याचा कागद? तो कुठाय?

भिंगरी : तो सगळ्यात छान आहे. त्याच्यामागे मी बाळाचा हात ठेवून गिरवलाय. कपाटाच्या आत चिकटवलाय, माझ्या फ्रॉकांच्या बाजूला.

आई : वीज तोडायची नोटीस फ्रॉकांच्या कपाटात. आणि ह्यांना, म्हणजे हिच्या बाबांना, वाटतंय आपण काय थोर! काका, आठ महिने आमचं बिल एकशे चार युनिटांचं येतंय. एक कमी नाही, एक जास्त नाही. मी म्हटलं, अहो, बाळ आलं, कपडे धुवायचं यंत्र दिवसाला दोनदा फिरतंय, बिल तेवढंच कसं? तर म्हणतात, मी मागोमाग फिरून दिवे घालवतो त्याचा हा परिणाम. ऑफिसात भाषण ठोकून आले, काटकसर म्हणजे काय ह्यावर.

मीटरवाले : एकशे चार ही सरासरी. घर बंद असलं की हे हातातलं मशीन आपोआप लावतं, आधीच्या वर्षाची. तुमच्या साहेबांनी दिवे घालवले काय नि लावले काय.

आई : हे संध्याकाळी मी सांगणार आहे. हळूहळू, चवीचवीनं. बरं काका, झालं ते झालं. चूक आमचीही आहे. तुम्ही तो फ्यूज परत घाला, आत या, आकडा घ्या, मिटलं.

मीटरवाले : तेच तर मिटत नाही ना ताई.

आई : का?

मीटरवाले : आता बघा. मी फ्यूज काढला, दाराचा फोटो घेतला, मशीनमध्ये 'वीज तोडली' असं भरलं आणि 'पाठवा' दाबलं. ऑफिसात ते पोचलं की विषय माझ्या हातातून गेला. मग परत जोडायचं तर नवीन अर्ज, जागेची पाहणी, साहेबांची सही. आज शुक्रवार. उद्या-परवा सुट्टी. धरून चाला, मंगळवार.

आई : मंगळवार? नाही. मंगळवार चालणार नाही.

मीटरवाले : सोमवारी अगदी सकाळी अर्ज दिलात तर—

आई : काका, सोमवारी मी कामावर रुजू होतेय. आणि तो फ्रीज चार दिवस बंद राहून चालणार नाही. चार दिवस सोडा, चार तास चालणार नाही. जुना आहे, दुपारी बंद पडला की संध्याकाळी वरच्या कप्प्यातून पाणी गळतं. पाठवलं म्हणता, पोचलं का ते?

मीटरवाले : थांबा, चष्मा. ...नाही. अजून गोल फिरतंय. ह्या तुमच्या जिन्यात रेंज नाही. एक दांडी येते आणि जाते. आतमध्ये येऊन बघतो.

आई : पाऊल आत टाकू नका!

मीटरवाले : आं?

आई : आमच्या घरात भरपूर रेंज आहे! तिथंच थांबा. हलू नका. मशीन खाली धरा. आणखी खाली. पायरीवर बसा वाटल्यास. नाही पोचलं तर काय होतं?

मीटरवाले : नाही पोचलं तर मागे जाता येतं. 'वीज तोडली' पुसून तिथं मीटरचा खरा आकडा भरला, की घर बंद नाही हे सिद्ध होतं आणि हुकूम आपोआप रद्द.

आई : मग पुसा की! आकडा भरा!

मीटरवाले : आकडा कुठून आणू? तुमचं मीटर नव्या धाटणीचं. वीज असली तर आकडा उजळतो. वीज नाही तर काळं ठिक्कर.

आई : मग वीज द्या.

मीटरवाले : वीज कशी देऊ? हुकूम बजावून झाला. आता आकडा भरल्याशिवाय मला फ्यूज घालायचा अधिकार नाही.

आई : आणि फ्यूज घातल्याशिवाय आकडा दिसत नाही.

मीटरवाले : आता तुमच्या लक्षात आलं.

आई : काका, हा नियम कुणी केला, त्याला पाळण्यात घालून झोके द्यायला हवेत.

भिंगरी : आई, दांडी आली तर?

आई : येऊ द्यायची नाही.

भिंगरी : लिफ्टमध्ये बाबांचा फोन गप्प होतो. बाबा म्हणतात, लिफ्ट म्हणजे डबा आहे. मशीन डब्यात ठेवू या?

आई : भिंगरे! डोकं आहे हो पोरीला. तो पिठाचा रिकामा डबा आण ओट्यावरचा. स्टीलचा. वाजवत आणू नकोस, पोटाशी धरून आण. काका, द्या ते मशीन.

मीटरवाले : अहो, सरकारी... म्हणजे ऑफिसची वस्तू आहे! पीठ जाईल बटणांत!

आई : पुसून घेतलाय. द्या. हं. झाकण. आता ह्याच्यावर तुम्ही बसा.

मीटरवाले : तीस वर्षं नोकरी केली, अंडं उबवायचं तेवढं राहिलं होतं.

भिंगरी : काका, गोल अजून फिरतंय का आत?

मीटरवाले : फिरतंय का थांबलंय, मला नाही दिसत बाई. ...ताई, एक विचारू? समोरच्या आजींच्या फ्रीजमध्ये ठेवा की काय ते सामान. एवढा जीव काय टांगताय?

आई : आजींचा फ्रीज ह्या डब्याएवढा आहे. वर बर्फाचा कप्पा मुठीएवढा, त्यात त्यांच्या गुडघ्याच्या शेकाच्या पिशव्या.

मीटरवाले : पण असं आहे तरी काय त्यात?

आई : दूध.

मीटरवाले : हात्तिच्या! दूध होय! अहो, खाली कोपऱ्यावर दुकान—

आई : दुकानातलं नाही.

मीटरवाले : मग?

आई : माझं. बाळासाठी.

भिंगरी : बावीस पाकिटं आहेत. मी प्रत्येकावर एक चित्र काढलंय. एकावर पाल आहे, ते शेवटी द्यायचं.

आई : सहा आठवडे साठवतेय काका. पहाटे पाचला उठून, बाळ जागं व्हायच्या आत. कधी अर्धी वाटी, कधी नुसता बुडाचा घोट. तो दुसरं दूध घेत नाही. चमचा तोंडाशी नेला की ओठ असे घट्ट मिटतो, जसा काही मी फसवतेय. पाळणाघरातल्या बाई म्हणाल्या, तुमचं दिलंत तर महिनाभरात रुळेल आमच्याकडे. तेवढा एक महिना त्या कप्प्यात आहे. बाकी वीज नसली तर नसू दे हो. मेणबत्ती लावेन, पंख्याऐवजी वर्तमानपत्रानं वारा घालेन. पण ते वितळलं तर मी सोमवारी त्याला काय देऊन जाऊ?

मीटरवाले : असं आहे होय.

आई : तुमचाही इलाज नाही, कळतंय मला. पण फ्यूज मी घालते. तुम्ही तिकडे तोंड फिरवा.

मीटरवाले : हात लावू नका! तुम्ही घातलात तर वीजचोरी होते, पोलिसात जातं. मी घातला तर नुसता मेमो. मेमो बरा.

आई : पण तुम्हाला कशाला उगाच—

मीटरवाले : थांबा जरा. बोलू द्या. आमची ही कापडाच्या गिरणीत होती. थोरला झाला आणि चाळिसाव्या दिवशी हिला हजर व्हावं लागलं. फ्रीज कुठला तेव्हा! माझी आई दुपारी पोराला कडेवर घेऊन गिरणीच्या फाटकापर्यंत चालत जायची. वीस मिनिटांची सुट्टी. ही फाटकाशी दगडावर बसून पाजायची आणि भोंगा झाला की पोराला तोडून परत आत. पोराचं तोंड तसंच उघडं. आई सांगायची मला, मी पाहिलं नाही कधी. मी तेव्हा दुसऱ्यांच्या घरी मीटर वाचत फिरत होतो.

आई : काका...

मीटरवाले : काही नाही. सरका बाजूला. ह्या डब्यावर आता तू बस गं चिमणे. घट्ट बस. अजिबात उठू नकोस.

भिंगरी : बसले.

मीटरवाले : हं. ...घ्या.

भिंगरी : फ्रीज बोलला!

आई : हळू गं! पंखा फिरतोय का बघते... फिरतोय. बाळानं कूस बदलली नुसती. या काका, आत या. चपला राहू द्यात. हा कोनाडा. दोन मिनिटं छत्र्या बाजूला करते.

मीटरवाले : मीटरपुढे छत्र्या ठेवतात होय? आता बघू. सहा हजार... चारशे... एकोणनव्वद. लिहा कुठंतरी. मशीन डब्यात आहे, मला नंतर आठवायचं नाही.

आई : कागद... राहू दे, हातावर लिहिते. सहा, चार, आठ, नऊ.

मीटरवाले : शेवटचा खरा आकडा होता पाच हजार सहाशे दहा. म्हणजे आठशे एकोणऐंशी युनिटं जळाली. सरासरीनं तुम्ही भरलीत आठशे बत्तीस. आठ महिन्यांत फरक किती, तर सत्तेचाळीस. एवढंच! मला वाटलं होतं, दोनचारशेचा खड्डा निघतोय आता.

आई : सत्तेचाळीसच? एवढं कपड्यांचं यंत्र फिरवून?

मीटरवाले : साहेब खरंच दिवे घालवत असतील हो.

आई : हे मात्र त्यांना मुळीच सांगायचं नाही.

मीटरवाले : सरासरी धरलेली बाळाच्या आधीची. तेव्हा ही वरची सत्तेचाळीस युनिटं बाळाची. पुढच्या बिलात लागून येतील.

आई : स्वस्तात पडला की! चला, चला बाहेर. भिंगरे, ऊठ. काका, झाकण काढते. तयार?

मीटरवाले : चष्मा... हं. काढा. फिरतंय अजून. मागे... मागे... हे 'मागे' कुठं गेलं? हं. 'पाठवणे थांबवायचे आहे काय?' हो बाबा, हो.

भिंगरी : काका, दांडी! एक दांडी आली!

आई : दाबा! काका, दाबा लवकर!

मीटरवाले : घाई करू नका, माझं बोट जाडं आहे! दाबलं. थांबलं. पुसलं गेलं. आकडा सांगा.

आई : सहा, चार, आठ, नऊ.

मीटरवाले : सहा. चार. आठ. नऊ. 'खात्री आहे काय?' तीस वर्षांत एवढी कधी नव्हती. 'पाठवा'. ...'आधीचा आदेश रद्द'. वाचा, तुम्हीच वाचा.

आई : आधीचा... आदेश... रद्द. काका! भिंगरे, आपण परत ह्या घरात राहायला लागलो!

मीटरवाले : हळू, बाळ झोपलंय. ...थांबा, हे आणखी काय विचारतंय? 'मागील आठ शेऱ्यांचे कारण निवडा.' कुलूप. कुत्रा. वाट बंद. मीटर नादुरुस्त. इतर.

आई : कुत्रा लिहा. कोण बघतंय!

मीटरवाले : छे छे. उद्या पाहणीला माणूस आला तर कुत्रा कुठून आणाल? 'इतर'च लिहायला हवं. वीस अक्षरं बसतात. काय लिहू?

भिंगरी : बाळ झोपलं होतं, असं लिहा. खरं तेच लिहा.

मीटरवाले : 'बाळ झोपले होते.' बसलं की हो, वर जागा उरली. सोमवारी साहेब हे वाचतील आणि मला आत बोलावतील. आठ महिने घरात माणसं असताना तुम्ही बंद शेरा मारता? रिटायर व्हायला पाच महिने राहिले ताई. आजवर एक मेमो नाही माझ्या नावावर.

आई : मेमो कशाला येतोय? मी लिहून देते. आत्ता देते, दोन ओळी. कागद... भिंगरे, तुझ्या चित्रकलेच्या वहीतलं एक पान. हं. 'पाटी आम्ही लावली होती आणि ती काढली नाही. आपले कर्मचारी दर महिन्यास नियमाने आले. त्यांनी ठेवलेल्या चिठ्ठ्या घरातल्याच व्यक्तीने काढून घेतल्यामुळे आमच्यापर्यंत पोचल्या नाहीत. चूक आमची. त्यांनी आमच्या बाळाची झोप मोडली नाही, ह्याबद्दल त्यांना दोष न देता त्यांचे आभार मानावेत.' बरंय?

मीटरवाले : शेवटचं वाक्य जरा जास्त झालं.

आई : तेच सगळ्यात खरं आहे. राहू दे.

मीटरवाले : पण साहेब मोठे संशयी. म्हणतील, बाळ आहे कशावरून? ह्या बाई कालच राहायला आल्या नसतील कशावरून? काही जुना पुरावा हवा. ती चिठ्ठी किंवा नोटीस मिळाली तर...

आई : भिंगरी.

भिंगरी : नाही.

आई : राणी, काकांना लागणार आहे. त्यांनी आपला फ्यूज घातला ना?

भिंगरी : चिठ्ठी नेऊ दे. आठ आहेत. एक देते.

मीटरवाले : चिठ्ठीवर तारीख नसते गं. त्या नोटिशीवर तारीख आहे, शिक्का आहे, आणि मागे बाळाचा हात आहे म्हणतेस. शिक्का एका बाजूला आणि बाळ दुसऱ्या बाजूला. ह्याहून मोठा पुरावा कुठं मिळायचा?

भिंगरी : फाडणार नाही ना?

मीटरवाले : घडीसुद्धा घालणार नाही. पुढच्या महिन्यात संध्याकाळी रीडिंगला येईन तेव्हा परत आणून देईन. दाराखालून नाही, हातात देईन.

भिंगरी : साहेबांनी त्याच्यावर आणखी शिक्का मारला तरी चालेल. हिरवा असला तर.

मीटरवाले : सांगतो साहेबांना. हिरवा मारा म्हणतो. ...अरे वा, केवढासा हात हा! एवढ्याशा हातानं सत्तेचाळीस युनिटं जाळली.

आई : गार पाणी देऊ काका? फ्रीज उघडत नाही आता तासभर, माठातलं देते.

मीटरवाले : द्या. घोटभर. ...ताई, जाता जाता सांगतो, पाटी काढू नका. राहू द्या. खाली फक्त एक ओळ वाढवा, 'मीटरवाल्यांनी आत यावे.' मी हलकाच येतो.

आई : आजच लिहिते. आणि तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा. त्या गिरणीतल्या.

मीटरवाले : सांगतो. हसेल ती, डब्यावर बसलो म्हटल्यावर. येतो हं चिमणे. डबा आत ने, पिठाचा आहे.

भिंगरी : ...आई, गेले ते. नखानं चालतात का गं ते? जिन्यात आवाजच येत नाही.

आई : सवय झालीय त्यांना, झोपलेल्या घरांची. ये, बस इथं माझ्याजवळ. पाय दुखायला लागले माझे. ऐक, फ्रीज कसा छान घुर्र करतोय.

भिंगरी : पाकिटं वितळली नाहीत ना?

आई : नाही. कप्पा उघडलाच नाही आपण. सगळी दगडासारखी असतील.

भिंगरी : पालीचंपण?

आई : पालीचंपण. सगळी सोमवारसाठी तयार.

भिंगरी : आई, काकांना का वाटलं, आपण घर सोडून गेलो?

आई : त्यांना आपण दिसलो नाही ना गं कधी. इतके महिने आले, दार बंद, आवाज नाही. कुणी दिसलंच नाही तर माणसाला वाटतं, गेली असतील.

भिंगरी : पण आपण होतो.

आई : होतो की. दाराच्या ह्या बाजूला. त्यांना कळायला काही मार्गच नव्हता.

भिंगरी : काका तर मोठे आहेत. त्यांना वाचतापण येतं.

आई : मोठ्यांनाही वाटतं गं तसं.

भिंगरी : मग सोमवारी दिवसभर तू बाळाला दिसणार नाहीस. त्याला काय वाटेल?